अप्पांचं दुसरं मत

नंबर अनोळखी होता. बंगळूरबाहेर देवनहळ्ळीच्या पुढे माझं ऑफिस आहे, तिथे एका मीटिंगमधून मी नुकतीच बाहेर आले होते. पलीकडचा माणूस हिंदीत म्हणाला, "मॅडम, आपके ससुरजी गिर गये हैं, जल्दी आइये." मी फोन कट केला. हे आम्हाला अप्पांनीच, माझ्या सासऱ्यांनीच, शिकवून ठेवलं होतं. घरच्या कुणाला काहीतरी झालंय असं सांगून आधी घाबरवतात, मग लुबाडतात. तेव्हा असा फोन आला की बंद करायचा आणि स्वतः घरी लावून खात्री करायची. मी घरी लावला, म्हणजे अप्पांनाच लावला. ते उचलेनात. पुन्हा तोच नंबर आला तेव्हा कळलं, की तो आमच्या यशवंतपूरच्या अपार्टमेंटचा नवा वॉचमन आहे. कॅबमध्ये बसले आणि हेमंतचा, माझ्या नवऱ्याचा, फोन आला. तो एवढंच म्हणाला, "प्राची, अप्पा गेले…" याला आता दीड महिना होईल, पण अजूनही मला ही बातमी कुठूनतरी तपासून घ्यावीशी वाटते.

माझे सासरे तरुणपणी मिरजेहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि विमानाच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. इतक्या वर्षांत त्यांच्या मराठीत ‘जरा थांब’चं ‘स्वल्प थांब’ आणि ‘बरं’चं ‘सरी’ असं मुरलं होतं, की ते शब्द कानडी आहेत हे त्यांना सांगावं लागे. त्यांचा विश्वास मात्र कशावरच बसत नसे. दुधाची पिशवी उजेडात धरून तारीख खोडलेली नाही ना हे बघायचं, रिक्षात बसलं की रस्त्याकडे न बघता मीटरकडे बघायचं, प्लंबरनं काढलेला जुना वॉशर मागून घ्यायचा. डॉक्टरांवर तर विशेष राग. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात एका डॉक्टरांनी अखेरपर्यंत "सगळं ठीक आहे" असं सांगितलं होतं म्हणे. ते वाक्य अप्पांनी पुन्हा कुणाकडूनच ऐकून घेतलं नाही.

आमची मुलगी सावी तान्ही होती तेव्हा तिचं डोकं एका बाजूनं सपाट होतंय हे पहिल्यांदा त्यांनाच दिसलं, आणि ते बोलून दाखवताच घरात संशयाचं वारं शिरलं. बाळंतपणासाठी नाशिकहून आलेल्या माझ्या आईनं मोहरीची उशी केली होती, रोज टाळू भरत होती. तिला वाटलं बोट आपल्याकडे आहे. अप्पांना मालिशवालीचा संशय. नातेवाइकांना माझा, मी पोरीला एकाच कुशीवर निजवत असणार! डॉक्टर म्हणाले, दोष कुणाचाच नाही, तिच्या मानेचा एक स्नायू आखडलाय म्हणून ती एकाच बाजूला मान ठेवते. मानेचे व्यायाम सुरू झाले. त्यानं मान सुटली, पण डोक्याचा आकार फारसा सुधारला नाही, तेव्हा त्यांनी हेल्मेट सुचवलं. मापानं बनवलेलं, आंघोळीपुरतं काढायचं, एरवी रात्रंदिवस, काही महिने. अप्पा घरी येऊन म्हणाले, "टोपी विकतोय तो." एवढ्यावर थांबले नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं, मग तिसऱ्यांकडे. एकजण म्हणाले घाला, एकजण म्हणाले आपोआप भरेल. शेवटी मी आणि हेमंतनं ठरवलं, घालायचं. अप्पा गप्प बसले, पण त्यांच्या गप्प बसण्यावर माझा विश्वास नव्हता.

हेल्मेट आलं ते ऐन उन्हाळ्यात. पांढरं, जाडजूड, आतून मऊ. सावी पहिले काही दिवस चिडचिड करायची, घामानं केस चिकट व्हायचे, आतून आंबूस वास यायचा. आई पदरानं डोळे पुसायची. त्याच सुमाराला माझी रजा संपली, मी ऑफिसला जाऊ लागले. एकदा संध्याकाळी परत येऊन सावीला घेतलं, हेल्मेटच्या आत बोट घातलं, तर आत गार. घाम नाही, ओल नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. म्हणजे आम्ही बाहेर पडलो की कुणीतरी ते काढत होतं आणि आम्ही यायच्या आत पुन्हा चढवत होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मी कशाला काढू बाई? दुपारी ती अप्पांजवळ असते." मी हेमंतला म्हटलं, तू बोल. तो म्हणाला, "ते कबूल करणार आहेत का?" मग आम्ही तिघं एकमेकांच्या नजरा चुकवत जेवलो आणि अप्पा नेहमीसारखा ताकाचा वास घेऊन मग ताक प्यायले.

एके दिवशी मी मुद्दाम लवकर निघाले. न सांगता घरी आले, तर घरात ना अप्पा, ना सावी. आई झोपेतून उठून बावरली. "खाली बागेत नेलं असेल." बागेत नव्हते. अप्पांचा फोन बंद. तो त्यांचा बाहेर पडताना नेहमीच बंद असे, आपण कुठे जातो हे फोनवाल्यांना कळू नये म्हणून. वॉचमन म्हणाला, रिक्षातून गेले, बाळ घेऊन. मला काय काय वाटलं ते आता लिहवत नाही. कुठल्या वैद्याकडे नेलं असेल, हेल्मेट कुठे टाकून दिलं असेल… मी फाटकाशी उभी राहिले आणि येणारी प्रत्येक रिक्षा वाकून बघत राहिले. आई माझ्या मागे उभी होती. तिला माझ्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण ठेवला नाही.

ते आले तेव्हा सावी त्यांच्या छातीशी झोपलेली होती. हेल्मेट डोक्यावर होतं.

"कुठे होतात?" माझा आवाज चढला.

"हेल्मेटवाल्यांकडे." त्यांनी आधी रिक्षा जाऊ दिली, मग हेल्मेट अलगद काढून तिचा कान पुढे केला. कानामागे लाल वळ होता. "दोन-तीन दिवस बघतोय. काढलं की लाली थोड्या वेळात जायला हवी, जात नव्हती. म्हणून दुपारी काढून ठेवत होतो. आज त्यांनी आतली कड घासून दिली. माझ्यासमोर."

"अहो, पण सांगायचं तरी आम्हाला!"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस? अप्पांना पहिल्यापासूनच नको होतं."

मी तेच म्हटलं असतं. त्यांनाही ते माहीत होतं. वर आल्यावर मात्र मी म्हटलं, "पुन्हा तिला न सांगता नेऊ नका." ते म्हणाले, "सरी." आणि खरंच नेलं नाही.

त्या दिवसानंतर त्यांचा संशय घरभर फिरला आणि हेल्मेटच्या बाजूनं येऊन उभा राहिला. आंघोळ लांबली की ते बाथरूमच्या दाराशी येत. रोज हेल्मेट धुऊन, पुसून, पंख्याखाली धरत. आईला अजून भीती होती की पोरीचं डोकं आत दबेल, मेंदूला जागा मिळणार नाही. अप्पांनी एकदा तिला समोर बसवलं. "विहीणबाई, माझ्यावर विश्वास ठेवू नका. हात घालून बघा." आईनं हात घातला, बोटं फिरवली आणि थांबली. "सपाट बाजूलाच पोकळ ठेवलंय होय!" "तेच तर. तिकडे वाढायला वाट आहे, इकडे नाही." आईनं दुसऱ्या दिवशी हेल्मेटवर कुंकवाचं बोट लावलं. अप्पांनी ते पुसलं नाही.

संध्याकाळी ते सावीला बागेत नेत. लोक विचारत, "एन आयतु? काय झालं? पडली का? ऑपरेशन झालं?" अप्पा उलट विचारत, "का विचारताय?" बायका दुखावून निघून जात. मला लाज वाटे, पण त्यामुळे एक झालं, आमच्या इमारतीत सावीकडे बघून ‘अय्यो पाप’, बिचारी, असं म्हणणारं कुणी उरलं नाही. एकदा मात्र एक तरुण आई स्वतःचं बाळ घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी बसली. तिच्या बाळाचंही डोकं तसंच होतं. मी जरा मागे होते. अप्पांनी तिला सगळं सांगितलं, घाम, वास, कानामागची लाली, पहिल्या आठवड्यातलं रडणं. मग म्हणाले, "पण दुसरं मत घ्या. कुणाचंही ऐकू नका. माझंही."

हेल्मेट सुटलं त्या दिवशी डॉक्टरांनी आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले. आम्ही हरखलो. अप्पांनी चष्मा पुसला, बघितलं आणि म्हणाले, "दोन्हींचा कोन सारखा नाही." घरी येईपर्यंत हेमंत चिडलेला होता. रात्री जेवताना अप्पाच म्हणाले, "झालं ते चांगलंच झालं. हेल्मेटनं झालं, की पोर बसायला लागली म्हणून झालं, हे मात्र आपल्याला कळणार नाही." आजही सावीला न्हाऊ घालताना माझा तळवा तिच्या डोक्यावर त्या बाजूला थबकतो. गोल आहे. बहुधा गोल आहे.

गेल्या वर्षापासून जिना चढताना अप्पांची छाती भरून यायची. डॉक्टरांनी एक तपासणी सांगितली, तर ते म्हणाले, "त्यांचं मशीन नवीन आहे, त्यांना गिऱ्हाईक हवंय. दुसरीकडे विचारू." आम्ही मागे लागलो, वाद घातले, हेमंतनं अबोला धरला. ते दुसरीकडे विचारायचं राहून गेलं… सावीच्या डोक्यासाठी तीन दवाखाने पालथे घालणारा माणूस स्वतःच्या छातीसाठी दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढला नाही. याचा मला अजून राग येतो. तो राग कुणावर काढावा ते समजत नाही, कारण ज्याच्यावर काढायचा त्यालाच मी रोज आठवते.

सावी दाराकडे धावायला लागली तेव्हा अप्पांनी सुताराला बोलावून आमच्या दाराला बाहेर बघायचं आणखी एक भिंग बसवून घेतलं होतं, बरोबर तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. बेल वाजली की आधी तिनं बघायचं, मग मोठ्यांनी. भेटायला येणाऱ्यांची रांग लागली त्या दिवसांतही ती सगळ्यांच्या आधी दाराशी पोचायची, एक डोळा मिटायची आणि ओरडून सांगायची, "केळी आहेत!" "एक म्हातारी काठी!" तिच्या भिंगातून चेहरा दिसत नाही, माणसानं हातात काय आणलंय तेवढं दिसतं. बाहेर लोक खोळंबायचे, आत रडून सुजलेले आम्ही हसायचो.

परवा दुपारी बेल वाजली. सावी शाळेत होती, घरी मी एकटी. हात कडीकडे गेला आणि थांबला. मग मी खाली उकिडवी बसले आणि त्या खालच्या भिंगाला डोळा लावला. गॅसवाला होता. सिलिंडर पायाशी ठेवलेला. त्याचं सील शाबूत होतं.

मग मी दार उघडलं.