रस्ट की सी
केंदूरच्या माझ्या मेहुण्याला एखाद्या कामासाठी प्रोग्रॅमिंगची भाषा निवडायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात लोकांची लग्नं ठरून बारशी उरकतात. गावच्या क्रिकेटचा गुणफलक करायचा, तरी पायथन बरी की जावा यावर त्यानं आठवडा घालवला. तोवर सामने संपले. "दाजी, भाषा चुकली म्हंजी सगळंच चुकलं," असं तो ताटावर हात वाळेपर्यंत समजावत बसे.

सासऱ्यांनी जरबेऱ्याच्या फुलांचं पॉलिहाउस उभारलं, तेव्हा उकाडा वाढला की पंप सुरू करून आत धुकं सोडणारा प्रोग्रॅम त्यानं अंगावर घेतला. या वेळी रस्ट नावाची भाषा त्याच्या मनात भरली होती. तिच्यात चूक शिरतच नाही म्हणे. तीन महिने शिरलीही नाही, कारण प्रोग्रॅमच पुरा झाला नाही. सासरे रोज दुपारभर आत उभे राहून हातानं पंप चालू-बंद करत. एप्रिलात एके दिवशी ते तिथंच चक्कर येऊन पडले. शिरूरच्या डॉक्टरांनी पुन्हा त्या उकाड्यात जायचं नाही म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी पंपाशी मी उभा होतो. तासाभरात रांजणगावची कंपनीची बस पकडायची होती. पारा अडतीसवर गेलेला. मेहुणा दारात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. त्यानं विचारलं, "दाजी, तुम्हाला कुठली भाषा येती?"

"डिप्लोमाला सी होती. थोडी आठवती."

त्यानं तीन महिन्यांचं काम बाजूला सारलं आणि सीमध्ये पहिल्यापासून लिहायला घेतलं. पहिल्या खेपेला पंप हललाच नाही. पारा चाळीसवर. फुलांच्या माना कलायला लागल्या. त्यानं चुकलेली ओळ शोधून पुन्हा लिहिली. तिसऱ्या खेपेला पंप घरघरला आणि धुकं उतरलं.

"रस्टच चांगली हाय," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पण मी हितं नसलो, तर हे उघडून बघणारं तुम्हीच हायसा."

पुढं तो नोकरीला बंगळुरूला गेला. परवा पंप थोड्या कमी उकाड्यालाच सुरू करायचा होता, म्हणून प्रथमच मी ती फाईल उघडली. त्यात मराठीत एक ओळ होती: 'दाजी, हा आकडा बदला. बाकीचं मला विचारा.' आकडा बदलला, काम झालं. विचारायचं काही उरलं नव्हतं. तरी मी फोन लावला.