मुर्वत

आमच्या अमरावतीच्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकीवर बसणारे बाबू पोरांनाही 'भाऊ' म्हणतात. कोणी म्हाताऱ्या माणसाच्या पुढे घुसलं, की म्हणतात, "भाऊ, थोडी मुर्वत ठेवा ना. ते पायी आले, तुमी गाडीवर." शब्दकोशात मुर्वतचा अर्थ 'भीड, आदर' असा सापडला. तेवढ्याने माझं समाधान झालं नाही.

हमीपत्रावर सही करायला बाबा मूर्तिजापूरहून आले. त्यांना सही येत नाही, आणि आमच्या मागे माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. कागद पुढे करून मी खाली बघत राहिलो. बाबूंनी शाईचा पॅड काढला, बाबांकडे पाहिलं आणि पॅड गुपचूप खिशात घातला.

"दादा, आतमंदी या. तुमाले सोयाबीनचं इचारायचं हाय."

त्यांनी दार लोटून घेतलं. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचा अंगठा स्वच्छ पुसलेला होता.

"मानूस बरा हाय," बाबा म्हणाले. "सोयाबीनचं खरंच इचारलं त्यानं. चहाबी पाजला."

त्यांच्या हातातली पिशवी मी घेतली आणि मागे वळून मुलींना सांगितलं, "हे माझे बाबा."