हा कोणाच्या घरी उतरला?

शामराव गेल्याचा निरोप मला उशिरा मिळाला. मी वावरात तुरीच्या ढिगाजवळ बसलो होतो आणि तिथं फोनला रेंज नसते. बांधावर आलो तेव्हा फोन वाजला. त्याची सून होती. "काकाजी, सकाळीच गेले बाबा... किती वेळचा फोन लावून राह्यली मी तुमाले." फोन खिशात टाकून मी निघालो. चप्पल पायात नाही हे अर्ध्या वाटेत समजलं. नेरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमच्या गावचं फुटबॉलचं मैदान लागतं. मैदानाच्या दारावर दोन माणसं शिडी लावून फ्लेक्स बांधत होती. जवळ जाऊन पाहतो तर शामरावचा फोटो. वर लिहिलेलं, 'फुटबॉलचा आधार हरपला'. खाली स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या अकरा जणांची तोंडं, शामरावच्या तोंडाहून मोठी. माणूस अजून घरात होता, तिरडीचे बांबू यायचे होते आणि यांचा फ्लेक्स छापून आला होता. आठ वर्षं ज्याला त्या दारातून आत घेतलं नाही, त्याला त्यांनी दारावर टांगला.

त्या दिवशी मी रडलो नाही. मला राग आला होता आणि तो अजून उतरला नाही. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही, पण एवढं लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही. कोणाला लागलं तर लागू द्या. लागावं म्हणूनच लिहितो आहे.

शामराव शिंपी होता. लहानपणापासून एक पाय आखूड, त्यामुळे आयुष्यात त्यानं बॉलला लाथ मारली नाही. मी बारा वर्षं गोलकीपर होतो, माझ्या हाताची तीन बोटं अजून वाकडी आहेत. पण खरं सांगतो, आमच्या गावात फुटबॉल माझ्यामुळे नव्हता, त्याच्यामुळे होता. कापूस वेचून झाला की माघात आमची स्पर्धा भरायची. नागपूर, अमरावतीचे संघ तर यायचेच, पण जबलपूर, हैदराबाद, पार बंगालमधून पोरं यायची. गावात लॉज नव्हता. मग खेळाडू राहायचे कुठे? लोकांच्या घरी. एका घरी एक, नाही तर दोन. आणि कोणता खेळाडू कोणाच्या घरी उतरवायचा हे ठरवायचं काम शामरावचं. तो बस स्टँडवर उभा राहायचा, उतरणाऱ्या पोराचं तोंड पाहायचा आणि सांगायचा. "हा तिखट खानारा नाई, याले गुरुजीच्या घरी द्या. हा घर सोडून पह्यल्यांदा आला दिसते, याले म्हातारी असन त्या घरी न्या. अन् हा बोलका हाय, याले गोपाळाकडे टाका, तिथं कोनी बोलत नाई." गोपाळ म्हणजे मी.

यातून काय व्हायचं ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. जबलपूरचा बॅक तेल्याच्या आळीत उतरला की पूर्ण तेली आळी जबलपूरची. आमच्या आळीत हैदराबादचा सेंटर फॉरवर्ड असला की आमच्या बाया पदर खोचून मैदानावर, "मार रे बाबू, मार!" त्यांना ऑफसाइड समजत नव्हता. समजायची गरजही नव्हती. ज्याला सकाळी आपण वरण वाढलं तो पडला की आपलाच पोरगा पडला, एवढं त्यांना समजत होतं. माझ्या बायकोनं एका बंगाली कीपरला चार वर्षं जेवू घातलं. ती गेली तेव्हा त्याचं कार्ड आलं होतं. हिंदीत लिहिलेलं, सगळं चुकीचं, पण आलं होतं.

माझा एक गुन्हाही सांगतो, नाही तर म्हणाल म्हातारा स्वतःला साधू समजतो. एका वर्षी शामरावकडून चूक झाली. सेमीफायनलमध्ये आमच्या गावच्या संघासमोर जो संघ होता, त्याचाच फॉरवर्ड त्यानं माझ्या घरी उतरवला होता. पोट्टा वाऱ्यासारखा पळायचा. मी त्या दिवशी सकाळी मुद्दाम गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे जाड रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली आणि त्याला तुपात बुडवून रोडगे खाऊ घातले. नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "आमच्या घरी नाई म्हनत नसते." दुपारी तो मैदानावर गाभण म्हशीसारखा चालत होता. आम्ही दोन गोलांनी जितलो. लोकांनी मला खांद्यावर घेतलं, मी गोल अडवले म्हणून. शामराव तेवढा बाजूला उभा. संध्याकाळी मला म्हणाला, "जेवनात कपट केलं तू. पाहुन्याच्या ताटात." मी हसण्यावारी नेलं. तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. नवव्या दिवशी मी त्या पोराच्या पत्त्यावर माफीचं पत्र टाकलं तेव्हा बोलला. तसा माणूस होता. आपल्या गावाच्या जितण्याहून त्याला समोरच्याचं पोट मोठं होतं.

मग मंडळ बदललं. नवे लोक आले, हाती सत्ता असलेले, पांढऱ्या गाडीतले. म्हणाले, स्पर्धा प्रोफेशनल करायची. एक एजन्सी ठरवली, ती संघ पुरवते. जो पोरगा आमच्याकडे रविवारी लाल जर्सीत खेळला, तोच पुढच्या रविवारी दुसऱ्या तालुक्यात हिरव्या जर्सीत. उतरायला यवतमाळचं हॉटेल. मॅचच्या आधी अर्धा तास एसी गाडीतून येणार, मॅच झाली की त्याच गाडीतून जाणार. मैदानाला चारी बाजूंनी टिनाचे पत्रे ठोकले. आत पहिल्या रांगेत सोफे. मॅच चालू असताना कोणी पुढारी साहेब आले की मॅच थांबवून हार घालणार. घरोघरी खेळाडू उतरवण्याची पद्धत बंद केली ती एका मीटिंगमध्ये, पाच मिनिटांत. शामराव तिथंच बसलेला होता. मंडळाचा नवा सेक्रेटरी त्याला म्हणाला, "काका, आता तुमाले तरास नाई." शामराव म्हणाला, "तरास कधी होता बापा?" कोणी ऐकलं नाही. पुढचा विषय लाऊडस्पीकरचा होता.

त्याच वर्षी फायनलला शामराव मैदानावर गेला. दारावर बाहेरगावचा गार्ड. "बाबा, पास?" शामराव म्हणाला, "मी शामराव." गार्ड म्हणाला, "हो, पण पास?" त्याची काय चूक, तो पोटासाठी उभा होता. पण स्टेज दारासमोरच होतं आणि सेक्रेटरी स्टेजवर बसलेला होता. मी आत होतो, मी पाहिलं. त्यानं शामरावला पाहिलं, ओळखलं आणि शेजारच्या माणसाशी बोलायला लागला. या सेक्रेटरीच्या लग्नाची सफारी शामरावनं शिवली होती. मी त्याचं नाव लिहीत नाही, गावाला माहीत आहे. शामराव वळला आणि आखूड पाय ओढत घरी गेला. मी मॅच सोडून त्याच्या मागे गेलो. तो काहीच बोलला नाही. दुकानात गेला, मशीनवर बसला आणि कोणाची तरी पॅन्ट शिवत राहिला...

बोललो मी. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फिरलो. ज्या ज्या घरी कधी खेळाडू उतरला होता, त्या प्रत्येक घरी. म्हटलं, ज्यानं तुमच्या घरी पाहुणा आणला त्याला दारातून फिरवलं, आता तुम्ही जाणार काय? पहिल्या वर्षी अर्धे गेले. दुसऱ्या वर्षी चार-दोन. मग सोफ्यांवरचे सोडले तर कुत्री. मंडळवाले म्हणायचे, लोकांना मोबाईलनं बिघडवलं, सगळे क्रिकेट पाहतात. खोटं. लोकांना कोणासाठी ओरडायचं तेच तुम्ही ठेवलं नाही.

आणि हे आमच्याच मैदानाचं नाही. माझ्या नातवाच्या टीव्हीवर मोठ्या मोठ्या देशांतल्या क्लबांचे संघ दिसतात. एकदा शामरावला घेऊन बसलो. गोल झाला, आम्ही दोघे ओरडलो. तर रेफरी कानात बोट घालून उभा. पडद्यावर रेघा मारून पाहताहेत, खांदा पुढे होता की बगल. चार मिनिटांनी म्हणे गोल नाही. शामराव म्हणाला, "म्हंजे आपन ओरडलो ते वापस घ्याचं काय?" मग नातू सांगायला लागला, आजोबा, हा मागच्या वर्षी त्या संघात होता, त्याच्या आधी तिसऱ्यात, तिथंही त्यानं जर्सीचा मुका घेतला होता. शामरावनं पडद्यावरच्या त्या पोराकडे बोट केलं. मग त्यानं विचारलं, "हा कोनाच्या घरी उतरला हाय?" नातू हसला. मी हसलो नाही. लोक फुटबॉल पाहायचे का सोडताहेत यावर शहाणे लोक काय काय लिहितात म्हणे. शामरावच्या या प्रश्नापुढे मला काही वाचायची गरज वाटली नाही.

शामरावची तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी तिघांना घेऊन माझ्या ओट्यावर. "काका, यंदाच्या कपाले शामरावकाकाचं नाव द्याचं ठरवलं. काकूले स्टेजवर बोलावू, शाल-नारळ देऊ. काकू म्हनते, गोपाळभाऊजीले इचारा."

मी म्हटलं, "काहून? मैदान रिकामं राह्यते म्हनून?"

"तसं नाई काका. कृतज्ञता."

"मंग एक काम करा. खेळाडू घरोघरी उतरवा. अन् घर मागाले तुमी सोता हात जोडून फिरा. मंग नाव घ्या."

तो हसला. "काका, एजन्सीचा करार राह्यते. पोट्ट्यांचं डाएट राह्यते. लोकाच्या घरचं कसं खातीन?"

मी म्हटलं, "उठा माह्या ओट्यावरून." खूप वर्षांनी मला इतकं बरं वाटलं. ते उठून गेले आणि मी तसाच ताठ मानेनं शामरावच्या घरी, वहिनीला सांगायला. कमलवहिनी तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, कसा उठवला तेही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "भाऊजी, एक सांगू? राग नका धरजा. दरसाल फायनलच्या दिवशी हे धुतलेला सदरा घालून मांगच्या अंगनात बसत. तिथं मैदानाचा आवाज येते. मले इचारत, गर्दी हाय काय? मी सांगो, नाई, गोपाळभाऊजीनं एकही मानूस जाऊ देल्ला नाई. तर खुश नाई व्हत. त्या दिवशी जेवतच नसत."

 आठ वर्षं मी त्याच्यासाठी सूड घेतला आणि तो सूड त्याला घशाखाली उतरत नव्हता. मला तोंडानं कधी म्हणाला नाही. म्हणाला असता तर मी ऐकलं असतं काय... नसतं. मी तसा आहे. पण मग शामरावला आपलं नाव त्या कपावर चाललं असतं काय, हे मला आता ठामपणे सांगता येईना. मी वहिनीला म्हटलं, "मंग तुमीच ठरवा. मी मधात नाई." हे म्हणायला मला किती कष्ट पडले ते मला ओळखणाऱ्यांनाच समजेल.

फायनल गेल्या रविवारी झाली. मी दुपारी शामरावच्या घरी गेलो तर समोरची खोली भरलेली. तेल्याच्या आळीतले म्हातारे, गुरुजींची सून, आमच्या आळीतल्या बाया. कोणी बोलावलं नव्हतं. सगळे खाली सतरंजीवर बसले होते. खोलीत एक खाट होती, तिच्यावर धुतलेली चादर, उशी, पायथ्याशी घडी केलेला टॉवेल. शामराव स्पर्धेच्या दिवसांत ही खाट पाहुण्या खेळाडूसाठी ठेवायचा, घरचं कोणी तिच्यावर टेकत नसे. खेळाडू यायचे बंद झाले तरी माघात तो ती अंथरायचाच. यंदा वहिनीनं अंथरली होती. लोक उंबऱ्यापर्यंत दाटीनं बसले होते, पण खाट मोकळी होती. मैदानावरून लाऊडस्पीकर ऐकू येत होता, 'प्रेक्षकांनी लवकरात लवकर आपल्या जागेवर बसावे'. कोणी हललं नाही. तेल्याचा म्हातारा म्हणाला, "बसलो ना बापा जागेवर," आणि सगळे हसले.

तेवढ्यात सेक्रेटरी आला. घामाघूम, खिशाला बिल्ला लावलेला. लोक पाहून दचकला. वहिनी म्हणाली, "या, पानी घ्या." तो लोकांमधून वाट काढत आत आला आणि जागा दिसली म्हणून सरळ खाटेवर बसला. "काकू, साहेब येऊन राह्यले. कपावर नावाची पट्टी लावाची बाकी हाय. काय ठरलं?"

सगळ्यांच्या नजरा खाटेकडे वळल्या. त्याला समजेना लोक असे का पाहताहेत. मला फार काही बोलायचं होतं, आठ वर्षांचं. पण मी ओठ दाबून धरले, मी शब्द दिला होता.

वहिनी म्हणाली, "पह्यले तिथून उठा."

तो उठला.

"त्याहिचं नाव घरीच राहू द्या," ती म्हणाली. "तुमाले ते कुठं ठेवाचं समजनार नाई."

सेक्रेटरी क्षणभर उभा राहिला. खाली बसायला जागा नव्हती आणि कोणी सरकलंही नाही. मग तो पाणी न पिता गेला. वहिनी उठली, तो बसला होता तिथं चादरीला वळ्या पडल्या होत्या, त्या तिनं हातानं सरळ केल्या, उशी नीट केली आणि आम्हाला चहा टाकायला आत गेली.