एक नळ, एक चूल

पाणीपुरवठा विभागात नोकरी केली की निवृत्तीनंतर पेन्शन मिळते आणि किस्सेही. त्यातले किस्से वेळेवर मिळतात!

आमच्या नगरपालिकेचा नियम असा: एका घराचा नळ दुसऱ्या घराला द्यायचा नाही, दिला तर कापायचा. सूट फक्त एका चुलीवर जेवणाऱ्या कुटुंबाला. नवे साहेब आले आणि आमची गल्ली तपासायला निघाले. मागे मी, माझ्यामागे पिशवीत पाना घेतलेला फिटर.

माझा जीव शेवटच्या घरात अडकलेला. तिथे थोरले दिगंबरराव आणि धाकटा मारोती हे सख्खे भाऊ. वाटणीपासून अबोला, चुली दोन. नळ थोरल्याच्या अंगणात, पाइप भिंतीवरून धाकट्याकडे. मारोतीची लेक बाळंतपणाला आलेली, घरात तान्हं बाळ. नळ आठवड्यातून एकदा येणार. तोही कापला तर?

पहिल्याच घरी भिंतीवर पाइप.

"हे काय?"

"वाळत घातलाय, साहेब."

"पाणी गळतंय त्यातून!"

"तेच तं! अजून वाळला न्हाई!"

पुढे शेठजी. दुकान आणि मागचं घर, मालमत्ता दोन, नळ एक. साहेब येणार म्हणून शेठजींनी घाईघाईत मधली भिंत फोडून घेतलेली. "आता बिलकुल एकच घर, साहेब!"

साहेबांनी भगदाडातून डोकावलं. पलीकडे शेजारीण भाकरी थापत होती. गवंड्याने भलतीच भिंत फोडली होती!

बाई मान वर न करता म्हणाली, "चहा इकडून देऊ का तिकडून?"

ऊन चढलं. साहेबांनी द्वारकाकाकूंकडे पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि मग विचारलं, "तुमचा नळ कुठंय?"

"शेजारी."

साहेब तांब्याकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "कोण कोण पितं ते लिहून राह्यले ना? मंग बराबर लिहा, कुणी सुटू नये!"

शेवटचं घर. "एका चुलीचे दिसा," असं मीच दोघा भावांना बजावलं होतं. दोघे एका ओसरीवर जेवायला बसलेले.

"दादा, आपण भाकरी घ्यावी."

"नको, आधी तुम्ही घ्या."

साहेब माझ्या कानाशी लागले. "सख्खे भाऊ असं बोलतात? भाडेकरू आहेत हे!" फिटरने पाना काढला.

तेवढ्यात नळाला पाणी आलं. मारोती उष्ट्या हाताने धावला. "पहिला हंडा माझा! बाळाला न्हाऊ घालायचंय!"

"बाळ काय तुझ्या एकट्याचं हाय का? अन् ठेव तो हंडा! आईनं मला दिल्ता!"

"तुला? आईला शेवटपर्यंत भाकर कोणी घातली?"

"अन् तुझ्या चोरीच्या बोरांपायी मार कोणी खाल्ला रे?"

थोरल्या वहिनींनी मधे घुसून भरत आलेला हंडा ओढला. "भांडा निवांत! मला बाळाचं पाणी तापवू द्या!" आणि त्यांनी तो आपल्या चुलीवर ठेवला.

साहेबांनी फिटरला हात केला. "पाना आत ठेव."

मग माझ्याकडे वळले. "लिहा, एकत्र कुटुंब."