कवडूभाऊचं वरचं

आमच्या नंदनवन वस्तीत कवडूभाऊले ओळखत नाही असा माणूस शोधून दाखवा. चौकातल्या ठेल्यावर तीस वर्षं त्यानं शेक विकला. आंबा, चिकू, पपई, ज्या दिवसांत जे फळ ते. तो मिक्सर फिरवे, बायको यमुताई बाजूच्या स्टुलावर बसून फळं सोले. आणि ठेल्याची रीत अशी, की गिऱ्हाइकाचा गिलास अर्धा झाला की जारमध्ये उरलेलं त्यात ओतायचं. त्याले आमी सगळे 'वरचं' म्हणतो. दुसरे ठेलेवाले मागितल्याशिवाय देत नाहीत. कवडूभाऊ जार हातात धरून वाटच पाहत उभा राहे. मी जयवंता, त्याच्या भिंतीले भिंत लागून राहते. खोटं काहून बोलू, मी त्या वरच्यासाठीच जायची.

यंदा संक्रांतीनंतर यमुताईच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आतडं कापलं, ठेला बंद पडला. डॉक्टरनं दोन गोष्टी सांगितल्या. केमो द्यायची तर वजन चाळीस किलोच्या खाली जाता कामा नये. आणि दूध, दही, मलाई, पावडर, दुधाचं काही म्हणजे काहीच द्यायचं नाही, तिच्या पोटाले ते आता झेपत नाही. यमुताई तेव्हा एक्केचाळीस किलोची होती. बाप्पा, एका किलोवर जीव टांगलेला!

पोळी तिच्या गळ्याखाली उतरे ना, वरण-भात उतरे ना. एक दिवस म्हणाली, शेक घेऊन पाहते.

"बिनदुधाचा शेक?" कवडूभाऊ म्हणे. "त्याले शेक नाही म्हणत, फळाचं धुवण म्हणतात."

नारळाचं दूध काढा, असं मीच त्याले सांगितलं. मंग काय, रोज सकाळी अकराले माणूस नारळ खवून, कोमट पाणी घालून फडक्यातून पिळत बसे. पिकलेली पपई, एक केळ, आंबा आला तसा आंबा. जीव लावून मिक्सर फिरवे, आणि पहिला घोट घेऊन स्वतःच तोंड वाकडं करे. "मजा नाही वं वैनी, पातळ लागून राहिला." यमुताई चार घोट घेऊन गिलास खाली ठेवे. हा जार घेऊन तिच्यापुढं उभा. गिलास अर्धाही होत नाही, तर वरचं ओतन कुठं? शेवटी जार मोरीत रिकामा होई. मले ते पाहवत नव्हतं.

मे महिन्यात एका सकाळी मी गेली, तर यमुताई अर्धा झालेला गिलास पुढं करून राहिली होती. "टाका वरचं," म्हणे. कवडूभाऊनं घाईघाईनं जार वाकडा केला, थोडं चादरीवर सांडलं. गिलासातलं वरचंही तिनं पिऊन टाकलं. मलेही त्यानं वाटीत दिलं. तोंडात घेतल्याबरोबर ठेल्यावरची जुनी चव आली. मी म्हटलं, चला, जमलं एकदाचं! आजच काहून जमलं, हे मी एका शब्दानं विचारलं नाही. त्याचा मले अजून स्वतःवर राग येते.

दुपारपासून यमुताईले जुलाब लागले ते दोन दिवस थांबले नाहीत. पोटात पाणी टिकेना. दवाखान्यात काट्यावर उभं केलं तर साडेअडतीस. आता केमो नाही, आधी वजन येऊ द्या, असं डॉक्टरनं सांगितलं.

बाहेर पायऱ्यांवर कवडूभाऊनं मले खरं सांगितलं. ठेल्यावर प्रत्येक जारमध्ये तो शेवटी चमचाभर दुधाची पावडर टाके. त्याच्या चवीचा सारा खेळ तोच होता. त्या सकाळी फडताळात पावडरचा तो डबा दिसला. "एकच चमचा टाकला, वैनी. वाटलं, चव आली तर पीन ती. वजन वाढन."

"भैताडा!" मी ओरडली. येणारे-जाणारे पाहू लागले. "डॉक्टरनं पावडरचं नाव घेऊन सांगितलं होतं ना तुले? ठेल्याची हुशारी बायकोच्या पोटावर काहून करून पाहिली?"

तो तिथंच बसून रडला. मंग म्हणे, "तिले नका सांगू."

डबा त्यानं कचरागाडीत टाकला. पुन्हा नारळ, पुन्हा ते चार घोट. एक दिवस तो नारळ आणाले गेला होता आणि मी यमुताईचे पाय चेपत बसली होती. ती हळूच म्हणाली, "जयवंता, त्या दिवशी पावडर होती त्याच्यात."

माझे हात थांबले. "कोणं सांगितलं तुले?"

"सांगाले कोण पाहिजे? तीस वर्षं तो डबा मीच भरला ना वं. पहिल्याच घोटाले समजलं."

"मंग काहून पेली, बाई?" मले राग आणि रडू संगच आलं.

"ते जार घेऊन उभे होते." तिले दम लागला. "दोन महिने रोज उभे राहत. साऱ्या चौकाले वरचं दिलं त्या माणसानं, अन् माझ्याच गिलासात जागा होईना. वाटलं, एक दिवस ओतू द्यावं. त्यायले सांगू नको. जीव देतीन ते."

वजन काही परत चाळीसवर आलं नाही. जुलै संपता संपता यमुताई गेली.

ठेला त्यानं विकून टाकला. पण अकराले भिंतीपलीकडं मिक्सर वाजते. एकटा माणूस नारळ पिळते, पपई-केळ फिरवते अन् मले हाक मारते. मी जाते. काल गिलास माझ्या हातात देऊन जार धरून उभा राहिला, आणि आतापर्यंत शंभरदा विचारलेलं पुन्हा विचारलं. "वैनी, त्या दिवशी तिले समजलं तर नसन ना?"

"नाही गा भाऊ," मी म्हटलं. "तिले कुठचं समजते. खुशीनं पेली ती."

मी कसाबसा अर्धा गिलास संपवला आणि पुढं केला. त्यानं वरचं ओतलं.