वानखडे सरांचं उजवं पान

वानखडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या चौकात कोळशाच्या ट्रकांमागे अडकलो होतो. खरं सांगतो, आधी दुःख झालं नाही. सांगायचं राहिलं... एवढंच मनात आलं. सहा आठवडे झाले, मन अजून थाऱ्यावर नाही.

आम्ही दोघं एकाच कॉलेजात जगाचा इतिहास शिकवायचो. मी राजे, लढाया, तह ओळीनं उरकून मोकळा व्हायचो. सर एखादाच धागा धरायचे, समजा कापूस, आणि अमेरिकेतल्या गुलामांपासून मँचेस्टरच्या गिरण्या करत थेट आपल्या इथल्या सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत यायचे. तिकडे यादवी पेटली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला, हे ऐकून पोरं ताठ बसायची. मग सर दोन पुस्तकं पुढं ठेवायचे. एक म्हणायचं भरभराट झाली, दुसरं म्हणायचं लूट झाली. खरं कोणतं, असं पोरांनी विचारलं की सर म्हणायचे, "लिहिणारा कुठी बसून लिहून राह्यला, थे पाहा आधी."

एका वर्षी दिवाळी उलटली तरी ते कापसातच होते. मी प्राचार्यांकडे गेलो. अभ्यासक्रम अर्धा राहिलाय, परीक्षेत पोरांचं नुकसान होईल, असं साळसूदपणे सांगितलं. पुढच्या वर्षी सरांचा तो पेपर शिकवायला माझ्याकडे आला. सरांनी आपली टिपणं स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि दोघांसाठी चहा सांगितला. तक्रार कोणाची, हे त्यांना ठाऊक नसावं, असं मी अकरा वर्षं धरून चाललो.

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नीनं, वहिनींनी घरी बोलावलं आणि एक रजिस्टर पुढं केलं. "तुमचं नाव दिसलं याच्यात, भाऊ. तुमीच पाहा."

कुठल्याही घटनेची दोन मतं समोरासमोरच्या पानांवर लिहायची, ही सरांची रीत. इथं घटना होती त्यांचा पेपर गेल्याची. डावीकडे त्यांची बाजू, दोनच ओळी : शिकवायचं राहून गेलं, वाईट वाटलं. उजवीकडे वर माझं नाव आणि खाली पानभर माझी बाजू, सरांच्याच शब्दांत : त्याला पोरांच्या मार्कांची काळजी होती, माझा हट्ट नडला, त्यानं तक्रार केली ते रास्तच...

वहिनींकडे वर पाहवेना. सर, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांचं लिहिलेलं पारखून घेतलंत आणि इथं मात्र फसलात. मला पोरांची काळजी नव्हती. माझ्या तासाला बाक रिकामे असायचे आणि तुमच्या तासाला पोरं खिडकीशी उभी राहून ऐकायची, ते मला सोसत नव्हतं. तुमच्या अक्षरावर काट मारायचा धीर झाला नाही, म्हणून हे इथं लिहिलं.