कापसाच्या गंजीचा उजेड

आमच्या घरात बाबांचा फोटो नव्हता. मी चार वर्षांची असताना ते गेले आणि त्यांचा चेहरा मला काही केल्या आठवत नसे. अकोल्यात मुलींच्या शाळेत मी मास्तरीण झाले आणि शाळेने घेतलेला कॅमेरा माझ्याकडे आला, तेव्हा मनाशी पक्कं केलं, मायचं असं होऊ द्यायचं नाही.

कॅमेऱ्यासोबत फ्लॅशगन होती. चकचकीत बशी आणि मधोमध बल्ब. एक बल्ब एकदाच पेटायचा. भप्पकन उजेड पडला की काचेवर फोड यायचे आणि हात लावला तर चांगला चटका बसायचा. मला त्याचं भारी कुतूहल. बशीवर रुमाल टाकला तर काय होईल? चार पावलांऐवजी दोनच पावलांवर उभं राहिलं तर? दोन पावलांवरून मायचं तोंड चुना फासल्यासारखं आलं. भिंतीला टेकवून बसवली, तर मागे ही काळी सावली! रुमालाने चेहरा जरा माणसात आला, पण डोळे मात्र दर फोटोत मिटलेले.

"अवं माय, उघडे ठेव ना डोळे!"

"तू तीन म्हनतं अन् माहे डोये आपोआप मिटते. मी काय करू?"

मग मी मोजायचं सोडलं, तर ती माझ्या बोटावर नजर ठेवू लागली. बोट हललं की डोळे बंद. मी आधीच तापट. तिच्यावर ओरडायचे, आणि बल्ब फुकट जायचे.

माय जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. कामात असली की कॅमेरा विसरेल, असं वाटून एका सुटीच्या दिवशी दुपारी मी तिथे गेले. फ्लॅशगन पाहून मुकादम दारातूनच ओरडला, "ओ बाई, ते इथं पेटवाचं नाही! कापूस हाये हा. आग लावता काय जिनाले?"

आणि मी म्हणे शाळेत विज्ञान शिकवते! निमूटपणे फ्लॅशगन पिशवीत कोंबली आणि तोंड पाडून मायपाशी जाऊन बसले.

ती टिनाच्या छपराखाली बसली होती. बाहेर उन्हात कापसाची मोठी गंजी. माझं सहज लक्ष गेलं, तर मायच्या हनुवटीखालीसुद्धा उजेड होता. छपराखाली हा आला कुठून? मी गंजीच्या बाजूने हात आडवा धरला. तिच्या गालावर अंधारलं. हात काढला, पुन्हा उजळलं. अगं बाई, ऊन कापसावर पडून तिच्या तोंडावर येत होतं! एवढी मोठी बशी रोज तिच्या शेजारी, आणि मी बल्ब जाळत बसले होते.

"कावून फुगून राहिली वं?" म्हणत तिने मान वर केली. मी न मोजता बटण दाबलं.

फोटो धुऊन घरी आणला, तर डोळे टक्क उघडे. मी तर नाचायचीच बाकी होते. मायने मात्र फोटो डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, "हे तं माही माय व्हय. तिचं तोंड मी इसरलीच होती."

तिला वाईट वाटेल म्हणून आजवर कधी विचारलं नव्हतं, ते विचारलं. "अन् बाबा कसे दिसत होते?"

तिने माझी हनुवटी धरली आणि तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं. जरा खाली, जरा वर. मी तिला शंभरदा वळवलं होतं, तसंच.

"कपाय तुह्या बापाचं. डोये बी त्याचेच. अन् फुगली का निरा तोच दिसतं."

मी उठून कॅमेरा आणला, कुठे दाबायचं ते तिला दाखवलं आणि दारात जाऊन बसले. मायने मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन."

आमच्या घरात बाबांचा फोटो आहे तो तेवढाच. कपाळ अगदी स्वच्छ आलंय. डोळे मात्र मी मिटले.